रोपांच्या खोलीतला बोर्ड

देवासच्या कारखान्यात सतरा वर्षं मेन पॅनल मी सांभाळलं. थ्री फेजच्या लाइनीला मी कधी घाबरलो नाही, आणि तिनंही माझं कधी वाकडं केलं नाही. पण धारला सासुरवाडीला गेलो की मला साधा बल्ब बदलायची मुभा नव्हती. जावई ना मी! जावयानं गादीवर बसायचं, विचारलं तर बोलायचं आणि ताटात पडेल ते संपवायचं.

सासरचं घराणं जुनं. पणजोबा संस्थानात अधिकारी होते म्हणे. सासरे सरकारी शाळेत विज्ञानाचे मास्तर होते, त्यातूनही रिटायर झालेले. घर साधं तीन खोल्यांचं, स्लॅबचं. पण बोलणं-चालणं आणि सणवार सगळं पणजोबांच्या वेळचं. मी खानदेशातून नोकरीसाठी देवासला आलेला आयटीआयवाला. पहिल्याच दिवाळसणाला संध्याकाळी फ्यूज उडाला. मी सवयीनं उठलो, खिशातला टेस्टर काढला. सासरे म्हणाले, "जावईबापू, आपण बसावं. आपल्याकडून असली कामं करवून घेतली तर लोक आम्हाला नावं ठेवतील." मग गल्लीच्या टोकाच्या वायरमनला निरोप गेला. तो सावकाश जेवून आला. तोवर तासभर आम्ही समईच्या उजेडात बसलो होतो, आणि ज्याला तो फ्यूज दोन मिनिटांत बांधता आला असता तो बसून चिवडा खात होता. तेव्हा मला हसू आलं होतं. बायको तर कितीतरी दिवस मला "आपण बसावं" म्हणून चिडवायची.

सासऱ्यांच्या नोकरीची बरीच वर्षं डही आणि निसरपुरात गेली होती. धरणामुळे नर्मदेचं पाणी चढणार, निसरपूर बुडणार हे ठरल्यावर ते पिशव्या घेऊन तिकडच्या चकरा मारायला लागले. ओढ्याकाठचे नेचे, ब्राह्मी, दगडांना धरून येणारी बारकी-बारकी झाडं, जे हाती लागेल ते मातीसकट घेऊन यायचे. धारच्या उन्हात ती दोन दिवसांत करपायची. गच्चीवर वानरं काही ठेवायची नाहीत. शेवटी मागची खोली त्यांनी रोपांना दिली. शेजाऱ्यानं भिंत चढवल्यापासून त्या खोलीत दिवसाही काळोख असायचा. तिथं लोखंडी अँगलचं रॅक आलं, प्रत्येक कप्प्यावर ट्यूब आल्या, कूलर आला. खाली ओली गोणपाटं. ट्यूबच्या उजेडात रोपं वाढतात हे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, आणि खरंच वाढली हो! त्या पांढऱ्या उजेडात बसलेला म्हातारा इतका सुखी दिसायचा की त्यांच्यावर रागावणं जड जायचं.

तरी मी रागावलो होतो. मी पहिल्यांदा ती खोली पाहिली तेव्हा बारा ट्यूब आणि कूलर, सगळं स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या प्लगमधून एका वायरीवर चाललेलं. वायर हाताला कोमट लागत होती.

"बाबा, ह्या खोलीला वेगळा बोर्ड पाहिजे," मी म्हणालो. "मेन स्विचपासून वेगळी जाड वायर आणायची. इथं छोटा बोर्ड बसवायचा. कूलरचा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, वेगळा, ट्यूबचा वेगळा. त्यांच्या आधी एक ईएलसीबी. करंट भलतीकडे, माणसाच्या अंगातून वगैरे जायला लागला, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रॅकला अर्थिंग. रॅक लोखंडाचं, खाली ओल, वर ट्यूबचे चोक. एखादा चोक आतून बिघडला की अख्ख्या रॅकमध्ये करंट येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो आणि स्विच पडतो. नसेल तर कोणीतरी हात लावायची वाट बघत तिथंच राहतो."

विज्ञानाचे मास्तर ते. त्यांना सगळं कळलं. त्यांनी कागद घेतला, आकृती काढली, सुरेख अक्षरात एक ते सहा मुद्दे लिहिले आणि मला वाचून दाखवले. एकही चूक नव्हती.

"येत्या रविवारी सामान घेऊन येतो. एका दिवसाचं काम आहे," मी म्हणालो.

"छे, छे! भलतंच काय!" ते म्हणाले. "आपण सांगितलंत, हेच पुष्कळ झालं. मी वायरमनकडून तंतोतंत करवून घेतो."

त्या वायरमनला मी पुढं मनातल्या मनात किती शिव्या दिल्या, त्याला हिशेब नाही. पण तो माणूस काही दुष्ट नव्हता. त्यानं मेनपासून वेगळी वायर आणली, दाराच्या चौकटीलगत चकचकीत बोर्ड लावला. कूलर आणि ट्यूब मात्र एकाच एमसीबीवर टाकल्या. ईएलसीबी लावलाच नाही. सासऱ्यांना म्हणाला, "बाबूजी, वो बार-बार गिरेगा, आपके पौधे सूख जाएँगे." रोपं सुकतील म्हटल्यावर बाबूजींनी तो मुद्दा कागदावर खोडून टाकला. आणि अर्थिंगसाठी खड्डा कोण खणणार? त्यानं रॅकची अर्थची तार भिंतीतल्या नळाच्या पाइपला गुंडाळली. नळ लोखंडी होता, जमिनीतून येत होता, तेव्हा काम चाललं. चार-पाच वर्षं चाललं.

मी दरवेळी जायचो तेव्हा तो बोर्ड बाहेरून बघायचो. झाकण उघडून आत कधी पाहिलं नाही. सासुरवाडीत बोर्डाचं झाकण उघडणं हेही कामच ना! असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला त्या गादीवर बसायची सवय झाली होती. कारखान्यात दिवसभर ग्रीस आणि फोरमनची बोलणी खाणाऱ्या माणसाला कोणी "जावईबापू, आपण" म्हणालं की बरं वाटतं. हे कबूल करायला मला फार वर्षं लागली.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं, तेहतीस अनारसे द्यायचे, त्याला विष्णू मानून त्याचे पाय धुवायचे, हे सासूबाईंनी कधी चुकवलं नाही. आम्ही देवासहून सकाळच्या पहिल्या बसनं निघालो, इंदूरला बस बदलली, धारला पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. हातपाय धुवायला मी मागे गेलो. रोपांच्या खोलीत सासूबाई झारीनं पाणी घालत होत्या. रॅकसमोर जेवायला बसायचा लाकडी पाट ठेवलेला होता आणि त्या पाटावर उभ्या होत्या.

"आई, पाटावर का उभ्या?"

"अहो, खाली उभं राहून रॅकला हात लागला की झिणझिण्या येतात," त्या हसत म्हणाल्या. "तो वायरमन म्हणाला, चाची, लकड़ी पे खड़े रहो, कुछ नहीं होगा. तेव्हापासून पाट घेते. काही होत नाही बघा."

"कधीपासून?"

"झाला की महिना-दीड महिना. नळ नवा बसवला ना, त्यानंतर कधीतरी."

खिशातला टेस्टर मी रॅकला लावला. तो असा पेटला की भरदिवसा त्याचा दिवा लांबून दिसावा. मग नळाकडे पाहिलं. लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचा टाकला होता. अर्थची तार त्या प्लास्टिकवर नीट तीन वेढे देऊन बांधलेली होती. प्लंबरनं जशी होती तशी परत बांधली होती बिचाऱ्यानं. प्लास्टिकवर!

मी ओरडलोच. "बाबा! हे आत्ताच्या आत्ता बंद करा. कोणीतरी मरेल इथं!"

सासरे धावत आले. मी त्यांना टेस्टर दाखवला, नळ दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना सगळं समजलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण बाहेर पाहुणे येऊन बसायला लागले होते, भटजी यायचे होते, आणि जावई मागच्या खोलीत ओरडत होता.

"हळू बोला, जावईबापू," ते म्हणाले. "एमसीबी पाडला तर कूलरही बंद होईल. ह्या उन्हात संध्याकाळपर्यंत नेचे राहायचे नाहीत. निसरपूरचे ते आता दुसरीकडे कुठे मिळणार? आणि अधिकात नवं काम काढायचं नसतं. अधिक संपला की दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावतो. तोवर आम्ही पाट घेतोच आहोत."

"मला दहा मिनिटं द्या. बिघडलेला चोक शोधतो आणि काढून टाकतो. तेवढंच."

"आज? वाणाच्या दिवशी आपण शिडीवर चढणार? लोकांसमोर?" त्यांनी दाराबाहेर पाहिलं. "माझी एवढी शोभा करू नका."

बायकोनं माझा दंड धरला. "अहो, आजचा दिवस नको ना. जेवण झाल्यावर दुपारी करा, मी बाबांना समजावते."

दहा मिनिटं. शिडी दाराआडच उभी होती. बायकोचा हात झटकून मी वर चढलो असतो तर काय झालं असतं? सासरे रुसले असते. चार पाहुण्यांनी तोंडाला पदर लावला असता. बस्स, एवढंच. मी सासूबाईंना एवढंच म्हणालो, "आई, माझं जेवण होईपर्यंत त्या रॅकला हात लावू नका." त्या "बरं बरं" म्हणाल्या. मी बाहेर आलो, नवं धोतर नेसलो आणि बसलो.

घरात पाट चार होते. एक माझ्यासाठी, एक बायकोसाठी. एकावर अनारशांचं ताम्हन आणि निरांजन. चौथा भटजींना. रांगोळीवर मांडलेले चारही पाट मी पाहिले, मोजले नाहीत. सासूबाईंनी माझे पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं, नमस्कार केला. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठी बाई माझ्या पायांवर डोकं ठेवत होती. मला संकोच वाटला, आणि तितकंच बरंही वाटलं. भटजी मंत्र म्हणायला लागले. सासूबाई ओल्या हातांनी तांब्या घेऊन आत गेल्या.

त्या आत कशाला गेल्या ते कोणालाच सांगता आलं नाही. कदाचित दुपारच्या पाण्याची वेळ झाली होती म्हणून. त्या रोपांना पाणी द्यायची वेळ त्यांनी कधी चुकवली नव्हती. कदाचित माझं ओरडणं ऐकून कूलर बंद झाला की काय, ते बघायला. मला आधी तांब्या पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. ते काहीच नसणं माझ्या ओळखीचं होतं. मी ताम्हन ओलांडून धावलो, आधी बोर्डाचा स्विच पाडला, मग आत शिरलो. स्विच पाडला तशा त्या खाली कोसळल्या. ओल्या गोणपाटावर पडल्या होत्या. पाट तिथं नव्हता. तिथला पाट बाहेर होता, आणि एवढा वेळ त्यावर मी बसलो होतो.

मी त्यांची छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. कारखान्यात दरवर्षी ते शिकवायचे, भिंतीवर तक्ता लावलेला असायचा. पाहुण्यांपैकी कोणी रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी पाच मिनिटं पाहिलं आणि मान हलवली. सासरे डॉक्टरांना हिंदीत पुनःपुन्हा एवढंच विचारत होते, "पाट पे खड़ी थी न वो? पाट पे थी न?" डॉक्टरांना बिचाऱ्यांना कळेना. मी नवं धोतर नेसून, कपाळावर कुंकू घेऊन तिथं उभा होतो, आणि येणारा-जाणारा माझ्याकडे बघत होता.

मला कोणी दोष दिला नाही. हेच जास्त लागलं. तेरा दिवस लोक येत राहिले आणि म्हणत राहिले, "जावई होता म्हणून बाकीचे वाचले हो, त्यानं स्विच पाडला." बायको मात्र माझ्याकडे बघायची नाही. मला अडवल्याचं तिच्या मनात होतं, आणि ऐकल्याचं माझ्या. त्यावर आम्ही एकदाही बोललो नाही. आजतागायत नाही. तो वायरमनही येऊन गेला. ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला, "भिया, मैंने तो लकड़ी का बोल दिया था." मला त्याला दोन ठेवून द्यायच्या होत्या. मी त्याला पाणी दिलं.

चौदाव्याला मी देवासला जाऊन सगळं सामान घेऊन परत आलो. वायर, बोर्ड, दोन एमसीबी, ईएलसीबी, तांब्याची पट्टी, लोखंडी पाइप, कोळसा आणि मिठाची गोणी. वाटेत बसमध्ये मी मनात भांडणाची तयारी करत होतो. आता जर का "आपण बसावं" म्हणाले तर मी काय करीन ते मलाच माहीत नव्हतं. सासऱ्यांनी दार उघडलं. माझ्या खांद्यावरची हत्यारांची पिशवी पाहिली. तसेच आत गेले आणि दाराआडची शिडी स्वतः ओढत घेऊन आले. ती शिडी बघून मला रडू फुटलं. एवढ्या परवानगीसाठी केवढी किंमत मोजली होती आम्ही!

दोन दिवस मी काम केलं. मेन स्विच पाडला, मीटरपासून सगळं तपासलं, मगच हात घातला. जुनी वायर उपटून नवी जाड तांब्याची ओढली, बोर्ड ओलीपासून दूर, दाराबाहेर छातीएवढ्या उंचीवर लावला. सर्वात आधी ईएलसीबी, मग कूलरचा आणि ट्यूबचा एमसीबी वेगवेगळा. कप्प्याकप्प्याला अर्थची तार, साधी गुंडाळलेली नाही, नटबोल्टनं कसलेली. मागच्या अंगणात पुरुषभर खड्डा खणला, पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ एकाआड एक भरलं, वर पाणी ओतायला नरसाळं ठेवलं. बारापैकी तीन चोक आतून जळालेले निघाले. तीन! एकही मोठा नव्हता. मुठीत मावतील एवढे.

सासरे दोन्ही दिवस माझ्याबरोबर होते. पक्कड मागितली की पक्कड द्यायचे, स्टूल धरायचे, खड्ड्यात पाणी ओतायचे. चांगल्या विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारायचे. मीठ कशाला? उन्हाळ्यात किती पाणी घालायचं? मी उत्तरं द्यायचो. त्यांनी ह्या वेळी काही लिहून घेतलं नाही. रॅकवरची रोपं बहुतेक गेली होती. दोन-चार नेच्यांत तेवढा जीव होता. आपण हे कोणासाठी करतोय, असं एकदा मनात आलं होतं. पण हात थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. आधी ईएलसीबीच्या अलीकडच्या फेज आणि अर्थच्या मध्ये शंभरचा बल्ब लावून पाहिला. तो पूर्ण उजळला. मग पलीकडच्या फेजला लावला, त्याच क्षणी ईएलसीबी पडला. म्हणजे अर्थिंग आणि ईएलसीबी दोन्ही चोख. मी स्विच परत वर केला, ट्यूब लावल्या. टेस्टर रॅकला लावला. आत काहीही पेटलं नाही. एकदा, दोनदा, प्रत्येक कप्प्याला लावून पाहिलं. मग माझा स्वतःचा हात लावला.

"बाबा, बघा. आता रॅकला हात लावला तरी काही होणार नाही," मी म्हणालो. मला त्यांना धीर द्यायचा होता, दुसरं काही नाही.

ते पुढे आले. पायात काही नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातली बादली उचलली आणि फरशीवर थोडं पाणी ओतलं. मला वाटलं, मास्तर आहेत, पूर्ण प्रयोग करून बघताहेत. मग त्या ओलीत उभं राहून त्यांनी रॅकचा उभा अँगल दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि डोळे मिटले. मी बाजूला उभा राहिलो. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. त्यांच्या मनगटावरच्या शिरा ताणल्या होत्या.

"काहीच होत नाही हो," ते म्हणाले.

"नाहीच होणार, बाबा. सोडा आता."

त्यांनी सोडलं नाही. माझ्याकडे वळून त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, आणि तो आवाज खात्री पटलेल्या माणसाचा नव्हता. काहीतरी मागायला आलेल्या आणि रिकाम्या हातानं परत पाठवलेल्या माणसाचा होता. मला तेव्हा कुठे कळलं की ते प्रयोग करत नव्हते.

मी आधी बोर्डाचा स्विच पाडला. मग त्या अंधारात मला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली.